वामनभाऊंचा राग

केनवडला आजही वामनभाऊंचं नाव निघालं की ऐकणारा मान हलवून म्हणतो, "मानूस चांगला होता, पन तापट भारी." झालं. एवढ्यात माणूस संपवला. हे वाक्य कानावर आलं की माझंच डोकं तापतं. तापट होता म्हणे. अहो, पण कशानं तापायचा, हे कधी विचारलंत का? ज्या गोष्टींवर तो माणूस आयुष्यभर ओरडला, त्यातली एक जरी तुमच्या घरात घडत असती तरी तुम्ही कानावर हात ठेवून बसला असतात. बसलाच होतात की. मीही होते त्यात, म्हणून मला सांगायचा अधिकार आहे.

मी केनवडच्या शाळेत अकरा वर्षं शिकवलं. माझी भाड्याची खोली आणि वामनभाऊंचं घर यांच्यामध्ये छातीएवढी भिंत होती. त्या भिंतीवरून मी त्यांचा संसार पाहिला, ऐकला आणि पुष्कळदा नको तेवढा ऐकला. घरात माणसं तीन. वामनभाऊ, त्यांची बायको रुखमावयनी आणि म्हातारी आई. मुलगी एकच, ती लग्न होऊन कारंज्याला गेलेली. थोरला भाऊ प्रल्हादराव शेती करायचे आणि दोन गल्ल्या सोडून राहायचे. पण घरातला कुठलाही निर्णय त्यांनी येऊन बाजेवर बसल्याशिवाय होत नसे.

बसस्टँडजवळ वामनभाऊंचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरची, बोअरची मोटार जळली की लोक ती टेम्पोत घालून, कधी फटफटीच्या मागे दोरीनं बांधून त्यांच्या दारात आणून टाकत. वामनभाऊ चष्मा नाकाच्या टोकावर ठेवून तांब्याची तार गुंडाळत बसलेले असत आणि वेढे मोठ्यानं मोजत. मध्ये कुणी बोललं आणि मोजणी चुकली की गुंडाळलेली सगळी तार सोडून पहिल्यापासून सुरू करायचे. मग त्या माणसाची धडगत नसे. रामराम वगैरे त्यांना ठाऊक नव्हतं. कुणीही दारात आलं की पहिला प्रश्न, "काय जाळून आनलं?" एकदा मी तापानं फणफणलेली त्यांच्या दुकानावरून दवाखान्यात चालले होते, तर मलाही तेच विचारलं. मी म्हटलं, "काही नाही भाऊ, ताप आहे." म्हणाले, "मंग तेच नं. पानी प्या, घरी जाऊन पडा. शाळा काय पयून जाते?" संध्याकाळी भिंतीवर झाकलेली पेजेची वाटी ठेवलेली होती. ती रुखमावयनींनी केलेली होती, तेव्हा त्यांचे हात चालत होते.

रुखमावयनींचं दुखणं बोटांपासून सुरू झालं. सकाळी उठलं की बोटं सुजलेली, मूठ वळायची नाही. लोक म्हणाले, गार पाण्यानं होतं. कुणी म्हणालं, वात आहे, जाईल. वर्षभरात मनगटं धरली, गुडघे धरले. बांगड्या निघेनात म्हणून कासाराकडून कापून काढाव्या लागल्या. पाण्याचा लोटा उचलायला दोन्ही मनगटं लागायची. वय तेव्हा जेमतेम पंचेचाळीस.

वाशिमच्या दवाखान्यात त्यांना नेलं त्या दिवशी रजा होती म्हणून मीही बरोबर होते. डॉक्टर चांगला होता, पण तो सगळं वामनभाऊंकडे बघून बोलत होता. "यांना सकाळी जास्त दुखतं का? यांना भूक लागते का?" तिसऱ्या प्रश्नाला वामनभाऊंचा पारा चढला. "मले काय विचारता डॉक्टरसाहेब? दुखून कोनाले राह्यलं? ते बसली नं तुमच्या पुढं. तिले तोंड आहे." रुखमावयनींनी खालून त्यांच्या पायावर पाय दिला. डॉक्टर चपापला, मग वळून तिच्याशी बोलायला लागला. आणि काय सांगू, त्या बाईनं तोंड उघडलं आणि दहा मिनिटं बोलत राहिली. कुठं दुखतं, कधी दुखतं, कूस बदलताना कसं होतं, हे सगळं. त्यातलं निम्मं वामनभाऊंनाही माहीत नव्हतं. औषध जन्मभर घ्यायचं, गार पाण्यात हात घालायचा नाही, ओझं उचलायचं नाही, चिंता करायची नाही, असं डॉक्टरनं सांगितलं. परत येताना बसमध्ये वामनभाऊ म्हणाले, "पानी, ओझं समजलं. पन चिंता नोको म्हनते. घरी माय आहे, दादा आहे. कसं जमन?" रुखमावयनी खिडकीकडे तोंड करून हसल्या.

मग भेटायला येणारे सुरू झाले. आमच्याकडे कुणी आजारी पडलं की भेटायला जायचं असतं. न गेलं तर नातं तुटतं. रिसोडहून, आसेगावहून, कुठून कुठून माणसं यायची. हातात अर्धा डझन केळी किंवा बिस्किटाचा पुडा. यायचं, बसायचं, आणि अमक्या गावच्या तमकीला असंच झालं होतं, शेवटी तिला कसं उचलून न्यायला लागायचं, ते रंगवून सांगायचं. आणि चहा प्यायचा. तो चहा कुणी करायचा? जिला भेटायला आले तिनं. मी स्वतः पाहिलंय. रुखमावयनी दोन मनगटांमध्ये पातेलं दाबून चुलीवरून उतरवायच्या आणि पाहुणा म्हणायचा, "राहू दे नं वयनी, कायले तरास घेता," आणि कप पुढं करायचा.

एके दिवशी वामनभाऊ दुकानातून लवकर आले. ओसरीवर चौघं बसलेले होते. त्यांनी घरातून लसणाची परडी आणली आणि मधोमध ठेवली. "भेटाले आले नं? बसा. हे सोला." लोकांना वाटलं थट्टा आहे. वामनभाऊ म्हणाले, "तिच्या बोटायनं होत नाही. तुमची बोटं धड आहेत. चहा मी मांडतो." दुसऱ्या खेपेला तुरीची डाळ निवडायला दिली, तिसऱ्या खेपेला प्रल्हादरावांच्या सासऱ्यांना विळीवर भोपळा. महिन्याभरात भेटायला येणारे अर्ध्यावर आले. गावात बोभाटा झाला की वामन पाहुण्यांना कामाला लावतो. मी शाळेत हे ऐकलं तेव्हा सगळ्यांबरोबर मीही हसले होते, आणि आता त्या हसण्याची लाज वाटते. कारण जे अर्धे यायचे थांबले, ते सगळे चहाचे होते. राहिलेल्यांत दोन बाया अशा होत्या की येता येताच पदर खोचायच्या.

भाकरीचं प्रकरण त्याहून मोठं झालं. रुखमावयनींना थापता येईना, म्हातारीला चुलीपुढं बसवेना. वामनभाऊ शिकले. रुखमावयनी पाटावर बसून सांगायच्या आणि ते परातीत ज्वारीचं पीठ मळायचे. "अजून पानी. तितलं नाही वो. आता हे काय, सोयाबीनले फवारनी करून राह्यले का?" सुरुवातीच्या भाकरी नकाशासारख्या व्हायच्या. दोघं एकमेकांवर खेकसायचे, मग एखादी भाकर तव्यावर टम्म फुगली की दोघं गप्प होऊन तिच्याकडे पाहत बसायचे. म्हातारीनं मात्र घराचं दार लावून घ्यायला सुरुवात केली. पोरगा भाकरी थापतो हे रस्त्यावरून दिसायला नको. वामनभाऊ उठायचे, पिठाच्या हातानं दार उघडायचे आणि परत बसायचे. म्हातारी लावायची, हे उघडायचे. दाराच्या कडीला सदान् कदा पीठ लागलेलं असे. दोन दिवस म्हातारीनं त्यांच्या हातची भाकर खाल्ली नाही. तिसऱ्या दिवशी भूक लागली, खाल्ली. म्हणाली, "मीठ नाही." वामनभाऊ म्हणाले, "भाकरीत मीठ कोन घालते, माय?" त्या दिवसापासून ती खायला लागली.

रुखमावयनींचे केस लांब होते. वेणी घालता येईना तेव्हा तेही काम भाऊंनी घेतलं. जन्मभर तार गुंडाळलेला माणूस तो. अशी घट्ट घालायचे की बाईच्या भुवया वर ओढल्या जायच्या. "वो, ढिली करा, डोकं दुखते." "ढिली केली तं सुटन." "सुटू द्या, केस आहेत ते." दर सकाळी भिंतीपलीकडून हे ऐकू यायचं. आणि त्यांची भांडणं नुसती वेणीवरून नसत. गोळी चुकली म्हणून ते ओरडायचे. मला कशाचीच गरज नाही म्हणून ती ओरडायची. कधी ती हमसून रडायची, की माझ्यानं स्वतःचं पोलकंही लावून होत नाही, मी कशाला जगते. तेव्हा त्यांना समजूत घालता यायची नाही. ते आणखी चिडायचे, अंगणात येऊन उभे राहायचे आणि रिकाम्या अंगणाला शिव्या द्यायचे. मग आत जाऊन पोलक्याचे हूक लावून द्यायचे. गोड बोलणारं जोडपं नव्हतं ते. पण एकमेकांशी खोटं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नाही.

तिसऱ्या वर्षी प्रल्हादराव येऊन बाजेवर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, म्हणजे निर्णय आहे. मी शेजारची म्हणून मलाही बोलावलं होतं, आणि मॅडम शिकलेल्या आहेत, त्याही हेच सांगतील, असा हिशेब होता. प्रल्हादराव म्हणाले, "वामन, किती दिवस चालन हे? रुखमाले आसेगावले पाठव. तिच्या भावाकडं. माहेरी चार-सहा महिने राह्यली तं आराम होईन. तुह्याही धंद्याकडं लक्ष राहीन. दुनियेत असंच करतात."

दुनियेत असंच करतात. हे खरं आहे, म्हणूनच मला त्याची चीड आहे. सून धडधाकट असली तर सासरची, आणि खाटेला खिळली की माहेरची. वीस वर्षं ज्या घरात राबली ते घर तीन महिन्यांत म्हणतं, जा बाई, तुझ्या भावाकडे जा, आराम कर. आराम हा शब्द किती सोयीचा आहे. माझ्या सख्ख्या काकूला छातीचा आजार झाला तेव्हा तिलाही आरामाला पाठवलं होतं. ती आठ वर्षं आराम करत राहिली आणि तिथंच गेली. काका दिवाळीला साडी पाठवायचे, आणि आम्ही पोरं म्हणायचो, काका किती चांगले. हे सगळं मला माहीत होतं, तरीही त्या दिवशी प्रल्हादरावांनी माझ्याकडे बघितलं तेव्हा मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "थोडे दिवस हवापालट झाला तर बरंच." ही मी, शिकलेली मॅडम.

वामनभाऊंनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग भावाला म्हणाले, "दादा, मोटार बिघडली तं ते बी मी कंपनीत वापस नाही करत. इथंच दुरुस्त करतो. अन हे तं बायको आहे." प्रल्हादराव म्हणाले, "अरे पन दुरुस्त होत नाही नं ते." तेव्हा वामनभाऊ उठून उभे राहिले. "नाही होत तं नाही होत. घरात राहीन. तुह्या गुडघ्यात वात आहे, तुले कोनी पाठोलं का सासरवाडीले?" म्हातारी भिंतीला टेकून ऐकत होती. मध्येच म्हणाली, "मले बी पाठोलं होतं रे. वामन्या पोटात होता तवा, अंगावर सूज आली म्हनून. सात महिने ठेवलं." वामनभाऊ तिच्याकडे वळले. "मंग तुले बरं वाटलं होतं का?" प्रल्हादरावांनी टोपी घातली आणि ते गेले.

आत रुखमावयनी सगळं ऐकत होत्या. घर त्यांचं, दुखणं त्यांचं, आणि विचारलं कुणी नाही त्यांना. वामनभाऊंनीही नाही. हे मला तेव्हा कळलं नाही, पुढे कळलं.

त्या हिवाळ्यात बाजाराच्या दिवशी दुकानावर एक जण मोटार घेऊन आला आणि चारचौघांत म्हणाला, "भाकरी झाल्या का वामनभाऊ? का बांगड्या भराच्या राह्यल्या?" वामनभाऊंनी त्याची उघडलेली मोटार तशीच बाजूला सारली आणि सांगितलं, तुही मोटार होत नाही, घेऊन जा. रिसोडला दुसरं दुकान होतं, पण तिथं रांग. त्याच्या वावरात हरभरा फुलावर होता, पाण्याची नड होती. दोन दिवसांनी त्याची बायको रुखमावयनींपुढं येऊन बसली. डोळ्याला पदर. ती गेल्यावर जे भांडण झालं तसं मी अकरा वर्षांत दुसरं ऐकलं नाही.

"बोलला तो, अन वावर सुकवता तिचं?" रुखमावयनी म्हणत होत्या. "माह्यासाठी भांडून राह्यले म्हनता. मी सांगतलं होतं का? भेटाले येते त्यायच्याशी भांडन, मायशी भांडन, दादाशी भांडन. लोक तुमाले काही म्हनत नाहीत. मले म्हनतात. दारात बसली का बाया म्हनतात, हे पाहा, हिच्यासाठी नवरा गावाशी वैर करते. माहं दुखनं म्हंजे काय जत्रा आहे का, उठलं का सुटलं का तुमी ढोल वाजवता?"

मग त्या म्हणाल्या, "मले आसेगावले जाऊ द्या. मले खरंच थोडं निजाचं आहे."

मोटार त्या दिवशीच तार भरून दिली गेली. आणि दोन दिवसांनी रुखमावयनी आसेगावला निघाल्या. पण वामनभाऊंचं डोकं कसं चालायचं पाहा. ज्या घरातून बाईला एकटं धाडतात ते घर नालायक, एवढंच त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनीही पिशवी भरली. दुकानाला कुलूप. "ते जाते तं मी बी जातो. एकटी काहून जाईन?" अख्ख्या स्टँडनं पाहिलं, आजारी बायकोबरोबर नवरा माहेरी निघालेला. लोकांना दिवाळी झाली.

नऊ दिवसांनी ते एकटेच परत आले. भिंतीपाशी येऊन उभे राहिले आणि मला म्हणाले, "मॅडम, मी लय मोठा गध्धा आहे." मग सांगितलं. जावई घरात म्हटल्यावर भावजय बिचारी पहाटे उठून राबायची. रोज काहीतरी गोड, रोज पाटवडी, जेवताना पाट, हात धुवायला गरम पाणी. हे स्वयंपाकघरात शिरायला गेले तर सगळं घर धावून आलं. भावजय रडायलाच लागली, की गाव म्हणेल जावयाला चुलीपुढं बसवलं. केनवडला ज्यानं भाकरी थापल्या तो आसेगावला नऊ दिवस खाटेवर बसून खात होता. आणि नवरा समोर आहे म्हणून रुखमावयनीही दिवसा आडव्या व्हायच्या नाहीत. माहेरात पदर सावरून बसून राहायच्या. निजायला म्हणून गेली होती, तेच झालं नाही. नवव्या दिवशी तिनं सांगितलं, "तुमी जा. माह्या भावजयीचे बी हात माह्यासारखे कराचे आहेत का? मी येतो बरं वाटलं का."

"मी तिले एकटी पाठवाची नाही म्हनून गेलो," वामनभाऊ म्हणाले, "अन तिथं माह्याच मानपानात तिचा जीव गेला. तिले नेमकं काय पाह्यजे, हे म्या कधी विचारलंच नाही मॅडम. भांडतच राह्यलो." मला वाटलं होतं त्यांना समजावावं, पण हे ते बरोबर बोलत होते. रोज दुपारी ते दुकानातून फोन करायचे आणि पहिल्यांदाच फोनवर नुसते ऐकत बसलेले दिसायचे.

रुखमावयनी गेल्या त्याच्या चौथ्या महिन्यात, भर उन्हाळ्यात, दुकानात वेढे मोजता मोजता वामनभाऊ एका अंगावर कलले. लकवा. उजवी बाजू गेली, वाचा गेली. ज्या माणसाचं बोलणं भिंत फोडून यायचं त्याच्या तोंडून नुसता घरघर आवाज.

आणि मग प्रल्हादरावांनी काय केलं? दुसऱ्या दिवशी सकाळीच भाड्याची गाडी करून ते आसेगावला गेले. चार महिन्यांत ज्यांनी रुखमा जेवते की नाही हे विचारलं नव्हतं, ते तिच्या भावाच्या दारात उभे राहून म्हणाले, "चाल बाई, तुह्याबिना त्याचं कोन करन?" तिची बोटं तेव्हा सरळ झाली होती का? नव्हती. बरं वाटलं होतं, झोप झाली होती, चेहरा उजळला होता, पण लोटा अजून दोन मनगटांनीच उचलायची. ते कुणाच्या डोळ्यांना दिसलं नाही. बायको आजारी पडली तर तिला गावाबाहेर काढायचं, आणि नवरा पडला की तीच वाकडी बोटं आणून त्याच्या उशाशी ठेवायची. यात कुणालाही काही चुकीचं वाटलं नाही, आणि मला मात्र अजून त्या गाडीचा रंग आठवतो इतका संताप आहे.

आठ दिवस वाशिमच्या दवाखान्यात काढून वामनभाऊंना घरी आणलं. बाज टाकली, त्यावर त्यांना ठेवलं. मी तिथंच होते. प्रल्हादरावांनी हात झटकले, टोपी घातली आणि मोकळा श्वास सोडून म्हणाले, "चला. आता रुखमा आली, काळजी नाही."

"दादा, थांबा."

रुखमावयनी थोरल्या दिरापुढे कधी तोंड वर करून बोललेल्या नव्हत्या. डोक्यावर पदर होता, पण नजर सरळ होती.

"कुठं चालले?"

"वावरात. वखराचं काम आहे."

"मी आजारी पडली तवा तुमी म्हनले, माहेरी पाठवा, तिथं तिचं करतीन. आता हे पडले. ह्यायले बी पाठवा माहेरी."

प्रल्हादराव हसल्यासारखे झाले. "काहीच्या बाही बोलतं. मानसाले कुठं माहेर असते?"

"असते नं. मायचं घर म्हंजे माहेर. ह्यायची माय हे बसली. भाऊ हे उभे. हे माहेरीच आहेत दादा. मंग करा. धुवा, पुसा, कुशीवर घ्या. माह्यानं उचलल्या जात नाही, तुमाले दिसते. मी जोडीले बसतो. ह्यायले काय पाह्यजे ते मले समजते, ते मी सांगतो."

म्हातारी भिंतीला हात टेकत टेकत उठली आणि थोरल्या मुलासमोर येऊन उभी राहिली.

"प्रल्हाद," ती म्हणाली, "टोपी काढ. पानी तापव."

बाजेवरून वामनभाऊंच्या तोंडून काहीतरी निघालं. कुणी म्हणालं रडले, कुणी म्हणालं हसले. मला विचाराल तर ती शिवी होती, आणि ती भावाला होती.

पुढं सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. प्रल्हादराव रोज सकाळी यायचे, धुसफुसत यायचे, दोन दिवस आले नाहीत तर म्हातारी काठी टेकत त्यांच्या दारात जाऊन बसायची. पण आंघोळ त्यांनी घातली, कुशीवर त्यांनी घेतलं. रुखमावयनी उशाशी खुर्चीवर बसून सांगायच्या. वामनभाऊंच्या भुवईवरून त्यांना कळायचं की पाणी हवं की पाय आखडलाय. त्यांनी पहिल्या महिन्यातच एक ठरवलं होतं. दर वेळी विचारायचं. हो असेल तर डोळे मिटायचे, नाही असेल तर उघडे. "पंखा लावू? खिडकी उघडू? दादाले बोलावू?" शेवटच्या प्रश्नाला डोळे नेहमी टक्क उघडे असायचे.

माझी बदली कारंज्याला झाली. वर्षभरानं एकदा वाशिमच्या स्टँडवर गाडी बदलताना ती दोघं मला दिसली. व्यायामाच्या दवाखान्यात आणलं असावं. प्रल्हादराव गाडीची चौकशी करायला खिडकीवर उभे होते. दोघं बाकावर शेजारी शेजारी, मी पलीकडच्या बाकावर, मध्ये माणसांची गर्दी. मी उठणारच होते, तेवढ्यात त्यांचा चहा आला म्हणून थांबले. रुखमावयनींच्या बोटांत कप धरवत नव्हता. वामनभाऊंचा उजवा हात मांडीवर मेल्यासारखा पडला होता. डाव्या हातात त्यांनी बशी धरली आणि ती सावकाश तिच्या तोंडाशी नेली. चहा हनुवटीवर सांडला की ती दोन मनगटांमध्ये पदर धरून आधी त्यांची बाही पुसायची, मग स्वतःची हनुवटी. दोघांत मिळून धड हात एकच होता.

माझ्या शेजारी एक बाई बसली होती. तीही तिकडेच पाहत होती. म्हणाली, "किती करते पाहा बिचारी नवऱ्याचं. स्वतःचे हात तसे, तरी करून राह्यली."

मी म्हटलं, "बाई, नीट बघा. कोण कोणाला पाजतंय?"

ती पुढं झुकली. डोळे बारीक केले. "अगं बाई, तो तिले पाजून राह्यला का?" आणि जरा थांबून म्हणाली, "मंग नशीबवान आहे बापा ते. असा नवरा भेटाले नशीब लागते."

म्हणजे तिनं केलं तर ते तिचं कामच होतं, आणि त्यानं केलं तर ते तिचं नशीब. मी तोंड उघडलं होतं. बोलायचं पुष्कळ होतं, पण कारंज्याची गाडी लागली आणि ती बाई पिशवी उचलून धावली. माझीही तीच गाडी होती, मी मात्र बसून राहिले. समोर रुखमावयनी खेकसत होत्या, "तोंड पोयलं माहं. फुंकून द्या नं." आणि अर्ध्या तोंडानं फुंकता येत नसताना वामनभाऊ रागारागानं त्या बशीवर फुंकत होते.